आमचे आनंदी-गोपाळ

ऑक्टोबर २०१९. मुंबईचं आंतरराष्ट्रीय विमानतळ, रात्री साडेअकराचा सुमार. बायको नोकरीसाठी न्यू जर्सीला निघालेली, मी ट्रॉली ढकलतोय, आणि आमचा मामा (जो आयुष्यात कधी कुठे वेळेवर पोचलेला नाही, तो नेमका त्या दिवशी तासभर आधी हजर) सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "शाब्बास रे! आमचे आनंदी-गोपाळ!"

सगळे हसले. त्याच वर्षी फेब्रुवारीत 'आनंदी गोपाळ' सिनेमा येऊन गेला होता आणि घरातल्या सगळ्यांनी तो सहकुटुंब पाहिला होता. सासूबाईंनी तर दोनदा. मला मूठभर मांस चढलं. बायकोला पुढे ढकलणारा, स्वतः मागे राहून तिला सातासमुद्रापलीकडे पाठवणारा नवरा म्हणजे मी! बायको तेवढी हसली नाही. ती पासपोर्ट चाचपत होती, त्यामुळे तिचं लक्ष नसावं असं मी धरून चाललो.

बेत असा होता की तीन-चार महिन्यांत डिपेंडंट व्हिसा काढून मीही जायचं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. मार्च २०२० मध्ये करोनामुळे वकिलातीचे दरवाजे बंद झाले. जूनमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी आमच्यासारख्यांचे नवे व्हिसाच थांबवले, ते मार्च २०२१ अखेरपर्यंत. ते उघडतात न उघडतात तोच आपल्याकडे दुसरी लाट आली आणि मे २०२१ पासून भारतातून येणाऱ्यांना बंदी, ती नोव्हेंबरात उठली. मी न्यू जर्सीत उतरलो डिसेंबर २०२१ ला. दोन वर्षं आणि दोन महिने. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये निघाल्या आणि गोपाळराव त्यांना अमेरिकेत जाऊन भेटले १८८५ साली. म्हणजे तिथेही दोन वर्षांवरच हिशेब. मामाच्या जिभेवर काळा तीळ आहे की काय ते बघायला हवं.

इथे आल्यावरही मला लगेच काम करायची परवानगी नव्हती. एच-४ व्हिसावाल्यांना, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या जोडीदारांना, कामाचं परमिट मिळायची सोय झाली २०१५ साली, पण तीही सरसकट नाही. जोडीदाराचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठराविक टप्प्याला पोचावं लागतं. तोपर्यंत तुम्ही घरी. आज मी तळघरात बसून पुण्याच्या ऑफिसचं काम करतो, पहाटे चारला उठतो, बायको सात वाजता कॉफी आणून देते आणि मग तिच्या ऑफिसला जाते. पण मधलं दीडेक वर्ष मी निव्वळ बसून होतो. स्वयंपाक शिकलो. कोपऱ्यावरच्या लायब्ररीत जायला लागलो. आणि आता आलोच आहे तर बघू म्हणून गोपाळरावांच्या मागे लागलो.

आपल्यापैकी बहुतेकांना हे जोडपं माहीत असतं ते श्री. ज. जोशींच्या १९६८ सालच्या कादंबरीमुळे, किंवा राम जोगळेकरांच्या नाटकामुळे, किंवा सिनेमामुळे. कादंबरी चांगलीच आहे, पण ती कादंबरी आहे हे आपण सोयीस्कर विसरतो. मी वाचले ते कॅरोलाइन डॉल या अमेरिकन बाईंनी १८८८ साली लिहिलेलं चरित्र आणि मीरा कोसंबींचं, त्यांच्या पश्चात २०२० साली आलेलं पुस्तक, ज्यात आनंदीबाईंची पत्रं आहेत. काशीबाई कानिटकरांनीही आनंदीबाईंचं चरित्र लिहिलं, आणि त्यांनाही या पत्रांचाच आधार होता. म्हणजे आपल्याला ही बाई कळली ती मुख्यतः टपालातून.

आणि नवरा टपालखात्यातला कारकून! हे मला आधी ठाऊक होतं, पण त्यात काही अर्थ आहे असं कधी वाटलं नव्हतं. आता वाटतं, सगळा अर्थ त्यातच आहे.

गोपाळ विनायक जोशी हे बिजवर, आनंदीबाईंहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. १८७४ साली लग्न झालं तेव्हा ती नऊ वर्षांची यमुना होती. मुलीला शिकवू द्यायचं, ही त्यांची अट. कल्याणला नातलगांच्या गोतावळ्यात ते जमणार नाही, म्हणून बदली. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, बराकपूर, श्रीरामपूर (आपलं नगरचं नव्हे, बंगालमधलं). त्या काळच्या मराठी ब्राह्मण जोडप्यानं दहा वर्षांत एवढा देश पाहिला असेल तर तो काशीयात्रेत नाहीतर सरकारी नोकरीत. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. आपण डॉक्टर व्हायचं हे त्यांनी त्यानंतर धरलं, असं सगळे चरित्रकार सांगतात.

तर टपाल. गोपाळराव खिडकीमागे बसून काय करत असतील याची कल्पना करा. १८७९ साली पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. १८८० साली मनीऑर्डरीचं काम टपालखात्याकडे आलं. १८८२ साली पोस्टाची बचत बँक. दर वर्षी काहीतरी नवीन, आणि ते आधी समजायचं कारकुनाला. आज आयटीतल्या माणसाला जसं नवीन काय आलंय ते चार दिवस आधी कळतं, तसंच. यातली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र खिडकीबाहेरच्या लोकांना दिसतही नव्हती. १८७४ साली स्वित्झर्लंडमध्ये बर्न इथे देशोदेशींच्या टपालखात्यांचा एक करार झाला. त्याआधी एका देशातून दुसऱ्या देशात पत्र पाठवायचं म्हणजे वाटेतल्या प्रत्येक देशाचा वेगळा दर, वेगळा करार. या करारानं सभासद देशांचं मिळून एकच टपालक्षेत्र केलं. ब्रिटिश हिंदुस्थान त्यात १८७६ साली सामील झाला. सुएझचा कालवा १८६९ चा, मुंबई-कलकत्ता रेल्वे १८७० ची. म्हणजे गोपाळरावांच्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतच, साध्या पगाराच्या माणसाला अमेरिकेशी नियमित पत्रव्यवहार ठेवता येईल अशी स्थिती प्रथम आली. आणि ते ज्याला आतून माहीत होतं, असा हा माणूस.

१८७८ साली त्यांनी कोल्हापुरातून पत्र टाकलं, पूर्वी कोल्हापुरात मिशनरी असलेल्या रॉयल वाइल्डर यांना. बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, मदत कराल का? उत्तराचा मथितार्थ असा की आधी ख्रिस्ती व्हा. गोपाळराव नाही म्हणाले. वाइल्डरसाहेबांनी तो पत्रव्यवहार प्रिन्स्टनहून निघणाऱ्या आपल्या मिशनरी मासिकात छापून टाकला. तिथे ते प्रकरण संपायचं. पण १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या होत्या, आणि तिथे पडलेला मासिकाचा तो जुना अंक त्यांनी उघडला. ओळख ना देख, त्यांनी हिंदुस्थानात पत्र धाडलं. आनंदीबाईंनी उत्तर दिलं. पुढची तीन वर्षं, एकमेकींना न बघता, दोघी लिहीत राहिल्या. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. (दवाखान्यातल्या जुन्या मासिकांना मी आता नावं ठेवत नाही.)

दोघांनी मिळून जायचं काही जमेना, तेव्हा आनंदीबाईंनी एकटीनं जायचं ठरलं. २४ फेब्रुवारी १८८३ ला श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी जाहीर भाषण केलं: मी का जाते, इथे का शिकत नाही, एकटी का जाते, परत आल्यावर लोक वाळीत टाकतील त्याचं काय. मुंबईत असताना शाळेत जाता-येता लोक कसे हसायचे, तेही त्यांनी त्यात सांगितलं. वय सतरा, अठरावं पुरं व्हायला महिना. ७ एप्रिलला मिशनरी बायकांच्या सोबतीनं कलकत्ता सोडलं आणि ४ जूनला न्यूयॉर्क. अठ्ठावन्न दिवस. मावशी बंदरावर आली होती.

मावशीचं रोझेल आमच्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर आहे. इथे एडिसन, इझेलिन या भागात आपल्या लोकांची एवढी वस्ती आहे की ओक ट्री रोडवर शनिवारी गाडी लावायला जागा मिळत नाही. तिथून घरी येताना एका रविवारी मी बायकोला म्हटलं, जरा वाकडी वाट करू. रोझेलला बघायला काही नाही. पण एक गंमत वाचली होती ती तिला सांगितली. १९ जानेवारी १८८३ ला याच गावात एडिसननं खांबांवरून तारा नेऊन विजेचे दिवे लावले. डोक्यावरच्या तारांनी उजळलेलं हे जगातलं पहिलं गाव. आणि त्यानंतर साडेचार महिन्यांनी श्रीरामपूरच्या तेलाच्या दिव्यांतून आनंदीबाई तिथे उतरल्या. आम्ही ज्या गावात राहतो त्याला एडिसनचं नाव आहे, कारण मेन्लो पार्कची त्याची प्रयोगशाळा इथेच होती. कुठल्या दिव्याखाली कोण येऊन बसतं!

उन्हाळा मावशीकडे गेला. ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात अभ्यास सुरू. डीन रेचेल बॉडली यांनी शिष्यवृत्ती दिली. तिथली थंडी, नीट न चालणारी, धूर ओकणारी शेगडी, नऊवारीत उघडे पडणारे पाय, शाकाहारी जेवण स्वतः रांधायचं आणि मग अभ्यास, आणि सततची दुखणी. नऊवारी सोडून गुजराती पद्धतीचं पातळ नेसू लागल्या, त्याचीही चर्चा पत्रात. आता यात हसण्यासारखं काही नाही, कारण आमच्याकडेही पहिल्या हिवाळ्यात बायकोनं व्हॉट्सअॅपवर लोकरी टोपीतला फोटो टाकला तेव्हा आत्यानं विचारलं होतं, टिकली का नाही लावलीस.

आता पत्रांच्या चालीचा जरा विचार करा. फिलाडेल्फियाहून न्यूयॉर्क, बोटीनं इंग्लंड, तिथून रेल्वेनं युरोप ओलांडून इटलीचं ब्रिंडिसी बंदर, पुन्हा बोटीनं सुएझमार्गे मुंबई, आणि मुंबईहून रेल्वेनं बंगाल. सगळं जुळून आलं तरी महिना. उत्तराला आणखी महिना. म्हणजे नवरा जानेवारीत रागावला, तर तो राग फेब्रुवारीत पोचायचा, आणि त्याचं उत्तर त्याला मार्चमध्ये मिळायचं. तोपर्यंत तो आणखी तीन वेगवेगळ्या कारणांनी रागावलेला. आणि गोपाळराव रागावायचे. तऱ्हेवाईक माणूस. आज प्रेमानं लिहील, उद्या संशय घेईल, परवा सगळं सोडून निघून जातो म्हणेल. आनंदीबाईंना कुठल्या पत्राला उत्तर द्यायचं तेच कळत नसेल.

आमचं उलट होतं. रोज दोनदा व्हिडिओ कॉल. माझी रात्र तिची सकाळ. "जेवलीस?" "हो. तू?" "आई बरी?" "बरी. लस घेतली." दोन वर्षांत आम्ही किती तास बोललो असू याचा हिशेब केला तर लाज वाटेल, कारण त्यातलं मला आज काहीही आठवत नाही. चेहरा समोर असताना माणूस चेहरा सांभाळतो.

आनंदीबाईंना तो सांभाळायचा नव्हता. महिन्याच्या अंतरावरून त्यांनी नवऱ्याला जे लिहिलं ते त्या कल्याणला किंवा कलकत्त्याला तोंडावर बोलू शकल्या असत्या असं मला वाटत नाही. एका पत्राचा मी आता जो आशय सांगतोय तो माझ्या शब्दांत आहे. तुम्ही मला जे वागवलंत ते चांगलं की वाईट हे ठरवणं अवघड आहे, असं त्या म्हणतात. मग यादी. दहाव्या वर्षी लाकडाच्या ढलप्यांनी मारलंत. बाराव्या वर्षी अंगावर खुर्च्या आणि पुस्तकं फेकलीत. त्याच वयात सोडून जाण्याची धमकीही. शेवटी जे साध्य झालं ते बघितलं तर हे बरोबर होतं म्हणता येईल. पण लहान मुलाच्या मनावर याचा काय परिणाम होतो ते बघितलं तर, न्यायानं बोलायचं तर, चूक होतं. आणि हिंदू बाईला नवऱ्यासमोर बोलायची मुभा नसते, म्हणून तेव्हा गप्प राहिले, अशा अर्थाचं पुढे.

मी हे लायब्ररीत वाचलं, पुस्तक मिटलं आणि बाहेर येऊन बाकावर बसलो. नवरा अभ्यासासाठी मारायचा हे कादंबरीतून माहीत होतं. सिनेमातही दाखवलंय. आपण ते कसं ऐकतो? "जरा विक्षिप्त होते, पण तळमळ किती!" मीही असंच म्हणत आलो होतो. पण ज्या मुलीनं मार खाल्ला, तिनंच वीसेक वर्षांची झाल्यावर शांतपणे मांडलेला जमाखर्च वाचला की ते "पण" तोंडातून बाहेर पडत नाही. त्यातही मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते तिच्या न्यायबुद्धीनं. ती शिव्याशाप देत नाही. नवऱ्याच्या बाजूनंही मुद्दा मांडते. परीक्षेचा पेपर सोडवावा तसा नवरा सोडवते.

आणि तिला हे लिहिता आलं, ते नवऱ्याच्याच खात्याच्या कृपेनं. ज्या माणसानं तिला मारून-मुटकून अक्षर शिकवलं, त्याच्याच पत्त्यावर, त्याच्याच टपालातून, ते अक्षर आलं.

१८८५ साली गोपाळराव अमेरिकेत पोचले. आणि मग काय झालं सांगू? ही पत्रं थांबली. उघडच आहे, एकाच घरातली माणसं एकमेकांना कशाला लिहितील? मावशीला आणि इतरांना पत्रं जात राहिली, पण नवऱ्याला लिहिलेली आनंदीबाई तिथे संपते. या दोघांच्या संसाराबद्दल आपल्याला सगळ्यात जास्त कळतं ते त्यांचा संसार नव्हता त्या दोन वर्षांत. पुढच्या दीड वर्षाबद्दल सांगतात ते बाकीचे लोक, आणि ते गोपाळरावांवर खूश नाहीत. बायको शेवटच्या वर्षाच्या अभ्यासात बुडालेली, तिची वर्तमानपत्रांत नावं येतायत, आणि हे नोकरी नाही, धंदा नाही असे. त्यांनी व्याख्यानं द्यायला सुरुवात केली. अमेरिकन समाज, मिशनरी, ख्रिस्ती धर्म, सगळ्यांचा समाचार. ज्यांच्या घरी जेवायचं त्यांच्याच रीतिभातींवर तोंडसुख. बायकोच्या हितचिंतकांना तोंड लपवायची पाळी.

कुठल्याही पुस्तकात न लिहिलेलं एक विधान मी करतो, पटलं तर घ्या: गोपाळराव हे अमेरिकेतले पहिले मराठी डिपेंडंट नवरे. मी त्यांची बाजू घेत नाहीये. पण दीड वर्ष घरी बसलेल्या माणसाला त्यांच्या व्याख्यानांमागचं काहीतरी कळतं. बायकोच्या ऑफिसच्या पार्टीत लोक विचारतात, "अँड व्हॉट डू यू डू?" त्यावर मी एकदा भारतीय रेल्वेवर वीस मिनिटं बोललो होतो. परत येताना गाडीत बायको म्हणाली, "एवढं कशाला बोलायचं?" मी म्हटलं, "त्यांनी विचारलं म्हणून." ती काही बोलली नाही. असो.

११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. त्याआधीच्या ऑक्टोबरातला तो प्रसिद्ध फोटो तुम्ही पाहिला असेल: जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या सबात इस्लांबुली आणि मध्ये-कडेला कुठेशी नऊ हजार मैलांवरून आलेली आपली कल्याणची मुलगी, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी ठरली होती. कोल्हापूर, जिथून ते पहिलं पत्र गेलं होतं! ऑक्टोबरात दोघांनी अमेरिका सोडली, नोव्हेंबरात मुंबई. पण क्षयानं पोखरलेलं शरीर. कोल्हापूरला जाणं झालंच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बाविसावं पुरं व्हायला महिना राहिला होता. 

गोपाळराव पुढेही बरीच वर्षं जगले, आणि पुण्याला त्यांनी विसरू दिलं नाही. ऑक्टोबर १८९० मधलं पंचहौद मिशनचं चहा प्रकरण आठवतं? मिशनमध्ये व्याख्यानाला पुण्यातली बडी बडी मंडळी गेली, नंतर चहा-बिस्किटं आली, कुणी घेतली, कुणी नुसती हातात धरली, आणि हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात! टिळक, रानडे, गोखले. गावभर गदारोळ, बहिष्कार, शंकराचार्यांचा आयोग, प्रायश्चित्त. रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं तर सुधारकांनीही त्यांना सोडलं नाही. तो सगळा बनाव गोपाळराव जोशांचा. लहानपणी हा किस्सा ऐकला होता, पण ते गोपाळराव आणि हे गोपाळराव एकच, हे मला चाळिशीत कळलं. सुधारकांना चहाच्या कपात बुडवणारा माणूस आणि बायकोला जगाच्या टोकाला पाठवणारा माणूस वेगळे नव्हतेच. दोन्हीकडे हट्ट एकच: बोलता ना, मग करून दाखवा. फक्त टिळक-रानडे चाळिशी-पन्नाशीच्या आसपासचे होते, आणि ती दहा वर्षांची.

(टिळक तेव्हा चौतिशीचे, गोखले चोवीस. मामा ही चूक काढणारच, म्हणून आधीच कबूल.)

आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी मावशीकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सी गावच्या दफनभूमीत, मावशीच्या माहेरच्या मंडळींच्या जागेत, त्यांचा दगड आहे. आमच्याकडून दोन तास. गेल्या मे महिन्यात गेलो. बायको गाडी चालवत होती, मी नकाशा बघत होतो (आमच्याकडे खातेवाटप असंच आहे). दफनभूमी मोठी, टेकड्यांची, झाडांची. दगड शोधायला वेळ लागला. आजूबाजूला सगळी मावशीकडची अमेरिकन नावं, आणि त्यात एक जोशी. शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असं त्यावर आहे. नवऱ्याचा उल्लेख नाही. आम्ही चाफा शोधला होता, मिळाला नाही, मग दुकानातून मिळाली ती पांढरी फुलं ठेवली. बायको बराच वेळ उभी होती. मी फोटो काढले.

परतताना मी तिला ते पत्र सांगितलं. लाकडाच्या ढलप्या, खुर्च्या, सगळं. तिनं ते आधीच वाचलं होतं. केव्हा? म्हणाली, २०२० मध्ये, एकटी होते तेव्हा. मला कधी सांगितलं नाहीस? "तू विचारलं नाहीस."

आता इथे सांगायला हवं की मी कधी कुणावर हात उगारलेला नाही. पण २०१८ मध्ये ही नोकरी चालून आली तेव्हा तिला जायचं नव्हतं. तिचे बाबा नुकतेच गेले होते, आई एकटी होती. मीच मागे लागलो होतो. रोज संध्याकाळी, जेवताना, चार महिने. तुझं करिअर, तुझी हुशारी, अशी संधी पुन्हा येत नाही, तू नाही गेलीस तर मी तुला माफ करणार नाही. हे शेवटचं वाक्य मी खरंच बोललो होतो. मला ते प्रोत्साहन वाटलं होतं. विमानतळावर मामानं थाप मारली ती त्याच प्रोत्साहनाबद्दल.

टॅकॉनिक पार्कवे हा रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा आहे, चालवणाऱ्याशी फार बोलू नये. तरी विचारलं. म्हटलं, मी तुला ढकललं ते चांगलं केलं की वाईट? ती पुढे बघत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "असं गाडीत नाही सांगता येत."

"मग?"

"लिहून पाठवते."

मला वाटलं चेष्टा करते आहे. दोन दिवसांनी पहाटे तळघरात पुण्याची मीटिंग चालू असताना तिचा ईमेल आला. वरच्या खोलीतून. ती जागी होती तर, मला पत्ताच नव्हता. मीटिंगमध्ये मी कॅमेरा बंद केला. मेल लांब आहे, मराठीत आहे, आणि तिचं मराठी टायपिंग इतकं चांगलं आहे हे मला माहीत नव्हतं. त्यात काय आहे ते इथे लिहीत नाही, कारण तुम्ही सगळे वाचता, आणि मामा तर नक्कीच. तीन आठवडे झाले. सात वाजता ती कॉफी घेऊन खाली येते, मी थँक्यू म्हणतो, ती जाते. उत्तराचा चौथा मसुदा चालू आहे.